दोघी

ही हकीकत माझ्या मावसबहिणीची. ती थापा मारणाऱ्यातली नाही. उलट तिला बोलतं करायलाच मला पाच वर्षं लागली.

मंगळवार होता. दुपारचे साडेतीन. लख्ख ऊन.

ताई तेव्हा सोळा वर्षांची. आई ती लहान असतानाच गेलेली. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. एकदा कामावर पडले आणि कमरेखालचं अंग कायमचं लुळं झालं. लिफ्टवाल्याचीच लिफ्ट बंद पडली, असं म्हणून हसायचे. हसायचे ते एकटेच.

ताईची अकरावी सुटली. त्यांचं अंग पुसणं, औषधं, कपडे, सगळं तिच्या गळ्यात. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. हाक मारण्याऐवजी ते चमचा लोखंडी खाटेवर वाजवायचे. एकदा वाजला तर पाणी. दोनदा वाजला तर कूस.

झोपेतही तिच्या कानात तेच वाजायचं.

त्या दुपारी तिने त्यांना उजव्या कुशीवर वळवलं. दुकानात जाऊन येते म्हणाली. पिशवीत दोन ड्रेस कोंबले, दाराला कुलूप घातलं आणि थेट बसस्टँड गाठला. दुसऱ्या शहरात मैत्रीण होती. पोचल्यावर काकांना फोन करून सांगायचं, कुलूप तोडा आणि बाबांकडे बघा. परत यायचं नाही.

बस यायला दोन तास लागले. शेवटी सुटली. जवळजवळ रिकामी.

पहिल्याच सिग्नलला...

टक... टक.

मागच्या सीटच्या दांड्यावर.

तिने वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

टक... टक.

या वेळी अगदी कानाशी.

मग आवाज थांबला. तो आला तेव्हा नाही, थांबला तेव्हा तिच्या काळजात धस्स झालं.

ती उतरली. पळत सुटली.

कुलूप जसंच्या तसं होतं. किल्ली एकच, तिच्या मुठीत.

आत बाबा डाव्या कुशीवर होते.

अंगाखाली धुतलेली चादर. आधीची दोरीवर वाळत घातलेली... अजून पाणी निथळत होतं.

कोण आलं होतं, तिने विचारलं.

"कोण म्हणजे? तूच तर आत्ता वळवलंस मला," बाबा म्हणाले. "हात किती गार होते गं तुझे."

आई दिसली का, तिने चाचरत विचारलं.

"तुझ्या आईला मी ओळखणार नाही होय? तूच होतीस."

ताईने पिशवी रिकामी केली.

बाबा आणखी तीन वर्षं जगले. पण त्या दिवसानंतर त्यांनी तिला एकदाही 'जेवलीस का' म्हणून विचारलं नाही. 'जेवलात का दोघी?' असं विचारायचे. काका म्हणायचे, औषधांचा परिणाम. डॉक्टर म्हणायचे, डोकं ठणठणीत आहे. ताई मात्र तेव्हापासून भिंतीला पाठ लावूनच बसायची.

शेवटच्या सकाळी बाबांनी तिचा हात धरला. नजर तिच्या खांद्यावरून मागे...

"तुमच्यातली एक तरी जा आता."

ताई गेली. शिकली. आज चांगल्या नोकरीत आहे.

बाबांची ती खोली अजून रिकामीच आहे म्हणतात. मागच्या वर्षी मी तिला सहज म्हटलं, चल, एकदा बघून येऊ.

तिने पाठ भिंतीला आणखी टेकवली.

"आणि आतून दार मीच उघडलं तर?"