तार वाळेपर्यंत

मिस्त्री ताईला घेऊन निघाला तेव्हा चांगली दुपार होती, आणि डोंगरापलीकडचं हॉस्पिटल काही सातासमुद्रापार नव्हतं. ताईचा दमा जुना. आई गेल्यावर या धाकट्या भावाला तिनंच वाढवलं होतं, आणि आता त्याचे केस पिकले तरी ती त्याला बारक्याच म्हणायची. व्हॅनच्या मागच्या सीटवर, मिस्त्रीच्या बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून ती धापा टाकत होती. जगाच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थाची स्वतःची गाडी मात्र कित्येक दिवस आचके देत होती. आज बघू, उद्या बघू, असं चाललं होतं.

माथ्यावर धुकं इतकं दाटलं की बॉनेटपलीकडचं दिसेना. तिथंच गाडीनं मान टाकली.

"अहो, ताईंचे ओठ निळे पडलेत..."

मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं, पण हात सरावाचे होते. किल्ली चालू ठेवून त्यानं इंजिनाचे आकडे दाखवणारा स्कॅनर जोडला. इंजिनात किती हवा शिरते ते मोजणारा एक सेन्सर असतो, त्यात केसाएवढी तार. तिच्यावर घाण बसली की सगळा हिशेब चुकतो. खात्री करायची रीत सोपी. सेन्सरचा प्लग काढायचा. मग इंजिन नुसत्या अंदाजावर चालतं. ते नीट चाललं, तर चोर सापडला.

त्यानं प्लग काढला. इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. मिस्त्रीला आनंदानं रडूच फुटायचं बाकी होतं.

"अहो! ताई श्वास घेत नाहीत!"

तो मागे धावला. हाका मारल्या, पाठ चोळली, तोंडानं श्वास दिला. छाती हलेना. आपण गाडीला हात लावला आणि हे झालं, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. त्यानं पळत जाऊन प्लग परत लावला. इंजिन मेलं, आणि मागून ताईची घरघर ऐकू आली.

पुन्हा काढला. इंजिन चालू, ताई बंद. पुन्हा लावला.

त्यानं स्कॅनरकडे बघितलं. बंद पडलेलं इंजिन हवा ओढत नाही, तरी हवेचा आकडा वर चढत होता, खाली उतरत होता. ताईच्या छातीबरोबर.

आता एकच वाट होती. तार साफ करायची, म्हणजे गाडीही चालेल आणि ताईही. पण स्प्रे मारल्यावर ती पूर्ण वाळू द्यावी लागते. ओली लावली तर जळते. पुसायचं नाही, फुंकर मारायची नाही, नुसतं थांबायचं.

त्यानं सेन्सर काढून स्प्रे मारला. उग्र वास धुक्यात तरंगत राहिला. मागे अगदी शांत झालं होतं.

"अहो... गेल्या का हो त्या..."

मिस्त्रीचा धीर सुटला. आयुष्यभर पाळलेला नियम मोडून त्यानं तारेवर फुंकर मारली.

ताईची छाती वर आली.

त्यानं पुन्हा फुंकलं. पुन्हा वर आली.

"तू चालव," तो बायकोला म्हणाला.

"मी? मी अंगणाबाहेर कधी नेलीय का गाडी?"

"चालव गं, माझे आई!"

सेन्सरशिवाय इंजिन अंदाजावर सुरू झालं, आणि ती जीव मुठीत धरून उतार उतरत राहिली. मागे ताईचं डोकं मांडीवर घेऊन मिस्त्री सेन्सर ओठांशी धरून फुंकत होता. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. मध्येच ताईनं डोळे उघडले.

"बारक्या... पुरे रे... तुझा संपेल..."

तो थांबला नाही.

हॉस्पिटलात तिला मशीन लावलं आणि ओठांवर रंग परतला. सेन्सर हातातच ठेवून मिस्त्री दारातून बघत होता. फुंकणं थांबवूनही ताईची छाती हलत होती. तो भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. मग कोणीतरी ओरडलं, दारातली गाडी हलवा. तार केव्हाच वाळली होती. त्यानं सवयीनं सेन्सर बसवला, प्लग लावला. इंजिन नव्यासारखं चालू लागलं. गाडी झाडाखाली लावून त्यानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

श्वास आत येईना.

तोंड उघडं, छाती दगडाची. चाचपडत त्यानं किल्ली परत फिरवली. इंजिन घुमलं, आणि हवा आत आली. त्यानं पुन्हा करून बघितलं नाही. तो स्टिअरिंग धरून बसला.

बायको पायऱ्यांवरून धावत आली. कित्येक तासांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"अहो, ताई बोलल्या! पहिलं काय म्हणाल्या, बारक्या कुठाय? चला आधी."

"तू... तू हो पुढे. मी येतो..."

"आणि गाडी काय अशीच चालू ठेवणार? कमाल आहे तुमची."

तिनं खिडकीतून हात आत घातला आणि किल्ली फिरवली.