लेडीज साईज

मी पुढं गेले आणि बूट मागंच राहिला.

म्हणजे पाऊल टाकलं, पाय अलगद बाहेर आला, आणि तो जडशीळ सेफ्टी शू स्टॉलच्या निळ्या कार्पेटवर तसाच उभा. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा, अशी मी टेबलाला धरून थांबले. टेबलामागचा उंच, सावळा मुलगा हसला. मोठ्यानं नाही... पण हसला.

"हसू नका," मी म्हणाले. "आमच्या आशाबाई अशाच पडल्या."

त्याचं हसू तिथंच थांबलं.

जानेवारीतली गोष्ट. कारखान्यांमधली सुरक्षा आणि कामगारांचं आरोग्य बघणाऱ्या लोकांचं राष्ट्रीय अधिवेशन यंदा आमच्या संभाजीनगरात होतं. जालना रोडवरचं मोठं हॉटेल देशभरच्या पाहुण्यांनी भरलं होतं. हेल्मेटं, कमरेचे पट्टे, गॅस ओळखणारी यंत्रं, सगळ्यांचे स्टॉल. बिडकीनजवळच्या, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर. आमच्या लाईनवर निम्म्या बायका. मला फक्त एक गोष्ट हवी होती, बायकांच्या मापाचे सेफ्टी शूज. आणि प्रत्येक स्टॉलवर एकच उत्तर, "लेडीज साईज नाही मॅडम, सहा नंबरपासून सुरू." एकानं दोन जोड मोजे घालायचा सल्ला दिला. दुसऱ्यानं कौतुकानं विचारलं, बायका खरंच मशीनवर काम करतात का हो? या मुलाच्या स्टॉलवर येईपर्यंत माझं डोकं इतकं तापलं होतं की मी त्यांचा सगळ्यात लहान बूट उचलला, घातला आणि चालून दाखवला.

मग आशाबाईंचंही सांगून टाकलं. बुटाचं रिकामं टोक ट्रॉलीच्या चाकात अडकलं आणि त्या मालासकट पडल्या. मनगट मोडलं. कंपनीच्या मीटिंगमध्ये ठरलं, कामगाराचा निष्काळजीपणा. बरं वाटलं तरी येऊ नका, असा निरोप गेला.

तो बूट हातात घेऊन ऐकत राहिला. शेवटी हळूच म्हणाला, "चुकलं माझं. हसायला नको होतं."

मी माझे कॅनव्हासचे बूट घातले आणि निघाले. रागात लेसही बांधली नाही.

चहाच्या सुट्टीत हिरवळीवर ऊन खात उभी होते, तर हा दोन कप घेऊन समोर.

"तुमचा नंबर मिळेल?"

मी नुसतं बघितलं त्याच्याकडं. तो इतका गडबडला की एका कपातला चहा बशीत आला.

"पायाचा... पायाचा म्हणतोय मी."

"चार."

"आणि आशाबाईंचा?"

हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. हात कसा मोडला ते सगळ्यांनी विचारलं, पाय केवढा ते कुणीच नाही. मी चहा घेतला. "त्यांचाही चारच."

त्याचं नाव सुदर्शन. पैठणचा. बूट बनवायचं रीतसर शिक्षण घेतलेला, पण कंपनीनं विक्रीला लावलेला. बाईचं पाऊल म्हणजे पुरुषाचं लहान केलेलं पाऊल नव्हे, हे तो मला समजावून सांगायला लागला. टाच अरुंद असते, चवडा त्या मानानं रुंद, कमान वेगळी. हे सगळं तो स्वतःच्या तळहातावर बोट फिरवून दाखवत होता. लांबसडक, शांत बोटं. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मी पावलाचं काहीच ऐकत नाहीये, नुसता तळहात बघतेय... आणि मग मला स्वतःचाच राग आला.

"एवढं कळतं, तर बनवत का नाही?" मी विचारलं.

"बनवलेत. मीच साचा केला होता. पहिला माल निघालासुद्धा. पण ऑर्डर नाहीत म्हणून साहेबांनी बंद केलं. गोदामात पडून आहेत."

"कंपन्या मागत नाहीत म्हणून तुम्ही विकत नाही. तुम्ही विकत नाही म्हणून कंपन्या मागत नाहीत. आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही गप्प बसलात."

"नोकरी आहे, मॅडम."

"आशाबाईंची पण होती," मी म्हणाले. अर्धा चहा त्याच्या हातात दिला आणि आत गेले.

त्या संध्याकाळी पडेगावला घरी जाताना रिक्षात बसल्या बसल्या मी त्याला मनातल्या मनात खूप झापलं. चांगला दिसतो म्हणून काय झालं? माहीत असून गप्प बसणारा माणूस मला नकोच. नको म्हणजे... मला कुणी विचारलंही नव्हतं. तरी नको.

दुसऱ्या दिवशी परिसंवाद होता, 'महिला कामगार आणि सुरक्षा'. स्टेजवर पाच जण, पाचही पुरुष. बाई एकच, पुष्पगुच्छ देणारी. त्या पाचांत आमचे प्लांट मॅनेजर राजकुमार सरही होते. त्यांनी छान हसत सांगितलं की भगिनी मेहनती असतात, पण लक्ष जरा घराकडं असतं. आमच्याकडं एक बाई सपाट जमिनीवर चालता चालता पडली, आता याला कुठलं हेल्मेट वाचवणार?

हॉल हसला.

मी कधी उठले ते मला आठवत नाही. माईक घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या हातातून मी तो जवळजवळ ओढूनच घेतला.

"सर, त्या बाईंना नाव आहे. आशाबाई. त्यांच्या पायात पुरुषांचा बूट होता, तुमच्या पायात बसेल असा. हे मी तुम्हाला त्या पडायच्या आधी सांगितलं होतं."

हॉलमधल्या माना माझ्याकडं वळल्या. राजकुमार सरांचं हसू मात्र हललं नाही. त्यांनी पाहुण्यांना समजावून सांगितलं की तनुजा मॅडम आमच्याच आहेत, नवीन आहेत, भावनाप्रधान आहेत. बायकांच्या मापाचे बूट बाजारातच बनत नाहीत, त्याला कंपनी काय करणार, घरी शिवणार का? पुन्हा हशा. सूत्रसंचालकानं जेवणाची वेळ झाल्याची आठवण करून दिली. माझे कान तापले होते आणि माईक बंद केला होता.

"बनतात."

आवाज मागून आला. माईकशिवाय. मी वळून बघितलं. भिंतीला टेकून सुदर्शन उभा होता, गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राचा पट्टा. पहिल्या रांगेत त्याचे दिल्लीहून आलेले साहेब बसले होते, अधिवेशनाचे एक प्रायोजक. त्यांनीही मान वळवली. सुदर्शननं त्यांच्याकडं बघितलं, आणि तरी बोलला.

"मी स्वतः बनवलेत. चार नंबरपासून. आमच्या कंपनीच्या गोदामात धूळ खात पडलेत. बाजारात मिळत नाहीत हे खरं आहे, पण ते आम्ही आणत नाही म्हणून."

मग मात्र काहीतरी फुटल्यासारखं झालं. विशाखापट्टणमच्या एक बाई उठल्या आणि हिंदीत म्हणाल्या की त्या स्वतः अधिकारी असून बुटाच्या टोकात कापूस भरून हिंडतात. जमशेदपूरची एक मुलगी म्हणाली, उंचीवर काम करताना बांधायचा पट्टा तिला खांद्यावरून घसरतो. त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये बायका मूठभरच होत्या, पण एकापाठोपाठ एक उठत राहिल्या. जेवण थंड झालं. शेवटी अध्यक्षांनी, कोलकात्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी, ठराव मांडला की कामगाराच्या मापाचं साधन दिलं नसेल तर दोष कामगारावर टाकता येणार नाही. टाळ्या झाल्या. मला टाळ्यांचाही राग आला. एवढं साधं कळायला एवढी मोठी माणसं, एवढं मोठं हॉटेल लागतं?

राजकुमार सर माझ्याजवळून जाताना, सोमवारी केबिनमध्ये या, एवढंच म्हणाले. सुदर्शनच्या स्टॉलवर दुपारपर्यंत दुसराच माणूस उभा होता. तो सापडला हॉटेलच्या पायऱ्यांवर, गळ्यातला पट्टा गेलेला.

मी शेजारी बसले. खूप काही बोलायचं होतं, आणि तोंडातून निघालं भलतंच. "कालच बोलला असतात तर?"

"काल तुम्ही चहा टाकून गेलात," तो म्हणाला, "मग जेवण गेलं नाही मला."

"नोकरी जाईल?"

"जाईल बहुतेक." तो समोरच्या रस्त्याकडं बघत होता. मग एकदम माझ्याकडं वळला. "आशाबाईंकडं न्याल का मला?"

त्याच्या मोटारसायकलवर आम्ही निघालो. मध्ये माझी पर्स ठेवून मी शिस्तीत बसले होते. बिडकीनच्या पुढं गार वारं सुटलं, दोन्हीकडं हरभरा, आणि त्याच्या शर्टाला नव्या चामड्याचा वास. खड्डा आला की तो गाडी हळू करायचा आणि आरशात बघायचा, मी नीट आहे ना म्हणून. मलाही आरशात तेवढ्यासाठीच बघावं लागत होतं.

आशाबाई अंगणात बसल्या होत्या, हात प्लॅस्टरमध्ये. सुदर्शननं त्यांच्यासमोर उकिडवं बसून सगळं सांगितलं, आणि म्हणाला की तुमच्या मापाचा जोड मी आणून देईन.

"बूट काय करू लेकरा?" त्या म्हणाल्या. "माझ्यावर आळ घेतला त्येचं बोल. धांदरट म्हनले मला. डोक्यावर दोन हंडे घिऊन बांधावरनं चालनारी बाई मी. मी धांदरट व्हय?"

त्यानं मान खाली घातली. माझे डोळे भरून आले, आणि ते रागानं.

चहा झाल्यावर आशाबाईंनी मला जवळ ओढून विचारलं, "ह्यो लई गप हाय. कोन म्हनायचा?"

"बूटवाले आहेत," मी म्हणाले.

"बूटवाला व्हय," असं म्हणून त्या गालात हसल्या. मला उगाचच पदर नसलेला खांदा सावरावा लागला.

सोमवारी मी राजकुमार सरांच्या केबिनमध्ये गेले आणि बसायच्या आधीच सांगितलं. आशाबाईंना कामावर घ्या, आणि अपघात कशानं झाला ते सगळ्या लाईनसमोर सांगा, नाहीतर मी कारखाना निरीक्षकांकडं जाते. सरांनी मला करिअरचा विचार करायला सांगितला. मी केला होता. त्या आठवड्यात हेड ऑफिसमधूनही फोन आला, अधिवेशनाला गेलेल्या कुणीतरी तिथं विचारणा केली होती. आशाबाई परत आल्या, हात बरा होईपर्यंत बसून माल तपासायच्या कामावर. बुटामुळं पडल्या हे सरांनी लाईनसमोर सांगितलं, घड्याळाकडं बघत. माफी कुणी मागितली नाही. ते मला अजून सलतं.

या काळात सुदर्शन रोज फोन करायचा. आधी आशाबाईंची चौकशी, मग कंपनीची, मग माझ्या रागाची. "आज कुणावर चिडलात?" असं इतक्या गोडीनं विचारायचा की मी दिवसभर त्याला सांगायला रागच जमवत बसायचे.

मार्च लागला तेव्हा त्यानं मला कॅनॉटच्या बाजारपेठेत चहाला बोलावलं. त्याला काढून टाकणाऱ्या कंपनीनंच परत बोलावलं होतं. विशाखापट्टणम, जमशेदपूर, कुठून कुठून बायकांच्या बुटांच्या ऑर्डर आल्या होत्या, आणि साचा फक्त यालाच ठाऊक. आग्र्याच्या कारखान्यात काही महिने राहून त्यालाच तो माल काढायचा होता. कंपनीनं पेपरात छापून आणलं होतं की महिलांच्या सुरक्षेचा विचार आम्ही पहिल्यापासूनच करत आलो आहोत.

"पहिल्यापासून?" माझा कप टेबलावर आपटला. "लाज कशी वाटत नाही? ज्यानं बूट बनवले त्याला पायऱ्यांवर बसवलं, आणि आता..."

मी बरीच बोलले. शेजारच्या टेबलावरची पोरं बघायला लागली. सुदर्शन हनुवटीला हात लावून ऐकत होता, आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी असं होतं की मध्येच माझे शब्द सांडले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही... म्हणजे आहे. परवा निघायचंय. त्याआधी एक बोलायचं होतं, पण..."

"पण काय?"

तो कपाच्या कानाशी खेळत राहिला. कडुलिंबाची पिवळी पानं टेबलावर पडत होती, ती एकेक करून बाजूला सारत राहिला. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये, साहेबांसमोर, माईकशिवाय बोललेला माणूस... आणि आता त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

"बोला ना," मी म्हणाले.

"भीती वाटते. तुम्ही चिडाल."

"मी चिडलेलीच आहे," मी म्हणाले. "त्यामुळं आत्ताच बोलून टाका."

त्यानं वर बघितलं.

"मला तुमच्यासोबत राहायचंय. आग्र्याहून आलो की. कायमचं."

रस्त्यावरून रिक्षा गेल्या, कुणाचा तरी हॉर्न वाजला. मी माझा हात टेबलावर ठेवला, त्याच्या हाताच्या जवळ. अगदी जवळ. तरी एक गोष्ट आधीच स्पष्ट करणं भाग होतं.

"मी बदलणार नाही," मी म्हणाले. "जिथं चुकीचं दिसेल तिथं अशीच चिडणार. तुमच्यावरसुद्धा."

"व्हय," तो पैठणच्या बोलीत म्हणाला, आणि त्याची ती लांबसडक बोटं माझ्या हातावर आली. "म्हणून तर."