जागेची शांतता

होडी वाळूला लागली आणि डबिंगची सगळी मंडळी डोळे मिचकावत खाली उतरली. कपाटातल्या बरण्या कुणी उन्हात मांडाव्यात, तशी दिसत होती. वर्षभर भिंतींना गाद्या ठोकलेल्या, बिनखिडकीच्या खोलीत बसून परक्या ओठांवर शब्द बसवणारी माणसं ही; ऊन त्यांना ऐकूनच माहीत. समोर समुद्र निळा, निळ्यात हिरवा, हिरव्यात पांढरी रेघ. माड तर इतके वाकलेले, की पाण्याला काही विचारायला आलेत असं वाटावं.

"वाळू चावते रे पायाला," बाळ कुरकुरली. बाळ साठी ओलांडलेली. पण कार्टूनमधल्या यच्चयावत पोरांना आवाज तिचा, म्हणून ती बाळ.

"वाळू नाही, संधिवात चावतो," मामा म्हणाले. मामा रेकॉर्डिस्ट. त्यांच्या एका खांद्यावर कपड्यांची चिमुकली पिशवी, दुसऱ्यावर मशीनचं भलं थोरलं बोचकं.

"सुट्टीतही ही सवत आणलीस? बायको आणायचीस त्यापेक्षा," बाळनं बोचक्याकडे बोट दाखवलं.

"ही गप्प बसून ऐकते."

वहिनी हसली. चारचौघांत हसावं तेवढंच हसली. तिला वहिनी म्हणायचे ते दादांमुळे. पडद्यावरचे राजे बोलले ते दादांच्या आवाजात, मरणारे बाप बोलले ते दादांच्या आवाजात. दादा जाऊन वर्ष होत आलं. माणूस गेला, नातं मात्र हाकेपुरतं मागे राहिलं. बेटावर जायचं बेटावर जायचं, हा घोषाही दादांचाच. दर वर्षी कुठला तरी सिनेमा आडवा यायचा. या वर्षी स्टुडिओच्या मालकांनी सगळ्यांनाच आणलं, आणि एकटी का होईना, वहिनी आली.

तिचं काम आवाज साफ करायचं. दोन वाक्यांमधला श्वास, ओठ सुटल्याची टचटच, घोटलेली लाळ, सगळं निवडून कापायचं. तांदळातले खडे निवडावेत तसं. पंचवीसेक वर्षं तिनं नवऱ्याचे श्वास कापले. "अगं, एवढे कापतेस, ठेवतेस कुठे?" ते विचारायचे. "जपून वापरा म्हणजे उरतील," ती म्हणायची. चेष्टाच ती. चेष्टेला कधी दात येतील, हे कुणाला ठाऊक असतं?

ते गेल्यावर तिनं जुन्या सगळ्या फिती ऐकून काढल्या. आवाज होता, ठणठणीत होता, पण त्यात जिवंत माणूस नव्हता. तिनंच इतकं स्वच्छ केलं होतं. लहानपणी पडून दादांच्या नाकाचं हाड वाकलं होतं, त्यामुळे श्वास घेताना शेवटाला एक बारीक शीळ वाजायची. रात्री उशाशी ती शीळ ऐकत ती झोपायची. तेवढी एक शीळ कुठे मिळाली असती, तर दुसरं काही नको होतं तिला. पण ती कुठेच नव्हती.

लाकडी खोल्या पाण्याच्या काठावर खांबांवर उभ्या होत्या. सामान टेकलं न टेकलं तोच मामांनी ओसरीवर माईक उभा केला. ही त्यांची कायमची रीत. नव्या जागी गेलं की आधी त्या जागेची शांतता भरून घ्यायची. प्रत्येक जागेची शांतता वेगळी; पुढे कधी दोन संवादांमध्ये भोक पडलं, तर तिथे ठिगळ लावायला ती उपयोगी पडते. मामांनी हात वर केला की जो जिथे असेल, त्यानं तिथेच पुतळा व्हायचं.

हात वर झाला. लाटा आल्या, गेल्या. झावळ्या एकमेकींना घासल्या. पायरीखालून एक खेकडा खरखरत गेला. मग मामांनी हात खाली घेतला, हेडफोन चढवून ऐकलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"एवढ्या मोठ्यानं कोण श्वास घेतंय? बाळ, तू?"

"मी कशाला? मी तर पोटसुद्धा आत धरलं होतं."

"ऐका बरं वहिनी. तुमचा कान तयार आहे."

वहिनीनं ऐकलं. लाटांच्या अलीकडे, झावळ्यांच्या अलीकडे, कुणीतरी श्वास आत घेत होतं. सावकाश, छाती भरून. शेवटाला बारीक शीळ. आणि मग थांबणं. दादा संवाद म्हणायच्या आधी थांबत, अगदी तसं.

तिनं हेडफोन काढले. पदराशी चाळा केला.

"वारा असेल," ती म्हणाली.

"वारा श्वास आत नाही घेत, वहिनी," मामा म्हणाले. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांचाही कान तयारच होता. "पुसून टाकू का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नको. मशीन जरा माझ्याकडे असू द्या."

दुपारी सगळी मंडळी पाण्यात उतरली. बाळच्या पोरकट किंकाळ्या खोलीपर्यंत येत होत्या. वयस्कर बाई आणि सहा वर्षांच्या मुलीसारखं खिदळणं. वहिनीनं खिडक्यांच्या झडपा ओढून घेतल्या. उन्हाच्या पट्ट्या जमिनीवर पडल्या. खोलीत दोन खाटा होत्या. डाव्या खाटेवर ती बसली, उजवी तशीच, चादरीला सुरकुती नाही. मध्ये तिपाईवर माईक. मशीनवर दिव्यांच्या दोन ओळी: डावीकडून आवाज आला की डावी उजळते, उजवीकडून आला की उजवी.

तिनं शांतता भरली. ऐकली.

श्वास जवळ आला होता. आत घेतलेला, शीळ घातलेला, थांबलेला. बाहेर मात्र सुटत नव्हता.

पुन्हा भरली. पुन्हा तेच. ओठ सुटल्याची ती बारीक टचही या वेळी होती, जी तिनं आयुष्यभर खड्यासारखी फेकली. वहिनीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. काय बोलायचं राहिलं होतं यांचं? दवाखान्यात शेवटी तोंडावर नळ्या होत्या. ओठ हलले होते, शब्द आला नव्हता. ओठ वाचणं हा तर साऱ्या स्टुडिओचा धंदा; पण नेमकं तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि तिला काही वाचता आलं नाही.

तिसऱ्यांदा भरताना ती गप्प बसली नाही.

"अहो, बोला ना. मी ऐकतेय. घाई नाही. दमलात तर माझ्यातला श्वास घ्या थोडा, पण बोला."

मग तिनं ऐकलं. तिचं बोलणं संपलं, आणि अडलेला तो श्वास हलकेच बाहेर सुटला. लांब, सुखाचा, घरी आल्यासारखा. शब्द त्यात नव्हता. तरी ती कितीतरी वेळ ते हेडफोन दोन्ही हातांनी धरून बसली, कुणाचं डोकं मांडीवर घ्यावं तसे.

ऊन कलल्यावर मामा मशीन न्यायला आले. दाराशी चपला काढून आत आले, तिची परवानगी घेऊन त्यांनी ऐकलं.

"वहिनी, हे तुम्ही साफ केलंत?"

"मी कुठे? यंत्रावर कापायची सोय आहे का?"

"नाही. तेच म्हणतो मी." त्यांनी पुन्हा मागे नेऊन ऐकलं. "तुमचं एवढं लांब बोलणं आहे. मध्ये श्वासच नाही कुठे. एकही. कापल्यासारखं स्वच्छ."

वहिनीला मघापासून दम लागत नव्हता, छातीवरचं वर्षभराचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं, एवढंच.

"चला बाहेर," मामा म्हणाले. आवाज त्यांनी मुद्दाम साधा ठेवला होता. "सगळे जेवायला थांबलेत. माझं ऐका, आज रात्री बाळच्या खोलीत झोपा."

"झोपेन की."

त्यांनी माईक अजून बंद केला नव्हता. तिपाईवर तो दोन खाटांच्या मधोमध उभा होता. वाळूवरून बाळनं तिच्या त्या सहा वर्षांच्या आवाजात हाक मारली, "वहिनी, ये ना गं."

"आले," डाव्या खाटेवरूनच वहिनी म्हणाली.

मामांची नजर दिव्यांवर होती. शब्दाला डावी ओळ उजळली. त्याच्या जरा आधी, शब्दासाठी श्वास घेतला जातो तेव्हा, उजवी, रिकाम्या खाटेकडची, उजळून गेली होती.