वाद्यवृंद थांबला तेव्हा

"आवाज नको!" पियानोच्या पोटात डोकं घातलेली थेक्ला ओरडली.

दारातला माणूस जागच्या जागी थिजला. त्याच्या कोटावरून एप्रिलचा पाऊस लाकडी जमिनीवर टपटपत होता आणि तो आवाज थांबवणं काही त्याच्या हातात नव्हतं.

थेक्लाने एकाच सुराच्या दोन तारा एकत्र छेडल्या. त्यांच्यात किंचित फरक असला की आवाजाला हेलकावा येतो. तिने तार ताणायची किल्ली केसभर फिरवली. हेलकावा लांबला, मंद झाला, विरला...

"आता श्वास घेतला तर चालेल?" दारातून विचारणा झाली.

"घ्या. पण तो कोट बाहेर ठेवा. बेसूर गळतोय."

तो हसला. नाव प्रोकोप, गाव बोहेमियातलं, काखेत व्हायोलिन. घराच्या मालकीण, कौन्सिलरसाहेबांच्या पत्नी, कौन्सिलरीणबाई यांच्या या दिवाणखान्यात दर रविवारी दुपारी संगीत व्हायचं, त्यासाठी तो आला होता. थेक्ला व्हिएन्नाच्या वीडेन उपनगरातल्या पियानो बनवणाऱ्याची मुलगी. वडिलांचे कान मंदावल्यापासून घरोघरचे पियानो सुरात लावायला तीच जायची.

तेवढ्यात कौन्सिलरीणबाई धावत आल्या. "घात झाला! पियानोवाले मास्तर तापाने पडलेत. थेक्ला, तूच बस बाई. नाही म्हणू नकोस, पाहुणे कॉफी पिऊन तयार आहेत."

थेक्लाने हात पुसले आणि ती बसली. समोरच्या सोनाट्याच्या वहीवर छापलं होतं, 'पियानोसाठी, व्हायोलिनच्या साथीने'.

"म्हणजे मी तोंडी लावायला," प्रोकोप पुटपुटला.

"आंबवलेल्या कोबीसारखे."

"कोबीशिवाय जेवण बेचव लागतं, म्हटलं."

"आणि जास्त झाला की पोट बिघडतं. सुरू करायचं?"

सोनाट्याचा पहिला भाग दोनदा वाजवायची रीत. पहिल्यांदा लिहिलं आहे तसा. दुसऱ्यांदा सुचेल त्याने थोडं आपलं घालायचं. दुसऱ्या फेरीत प्रोकोपने एका साध्या सुराला छोटीशी गिरकी दिली. थेक्लाने तशीच गिरकी उलटी फिरवून परत केली. दिवाणखान्यात कुणाच्या लक्षातही आलं नाही. थेक्लाचे कान मात्र तापले.

मास्तरांचा ताप उतरला, तरी पुढच्या रविवारी कौन्सिलरीणबाईंनी थेक्लालाच बोलावलं. मग तसाच पायंडा पडला. संगीत संपलं की प्रोकोप तिला वीडेनपर्यंत सोडायला यायचा आणि वाटभर दोघं भांडायची.

"मोझार्टच्या सुरांत मसाला जरा जास्तच होतो," तो म्हणायचा. "हायडनचं कसं स्वच्छ. शेवट आला असं वाटतं, आपण गज खाली ठेवतो, आणि ते परत सुरू!"

"तुम्हाला फसवून घ्यायला आवडतं, एवढंच त्यातून कळलं."

"कोण फसवतंय त्यावर आहे."

एकदा पुलावर थांबून तो म्हणाला, "सोनाट्यातली मला आवडणारी जागा सांगू? आधी एक सुरावट येते, तिचं आपलं घर. मग दुसरी येते, ती परक्या घरात. मधे पुष्कळ वादळ होतं. शेवटी दुसरी सुरावट पहिलीच्या घरी राहायला येते."

"नेहमी दुसरीनेच का यायचं? पहिलीचे पाय मोडलेत?"

"नाही... पण पहिलीला अजून कुणी तसं विचारलेलं नाही."

थेक्ला भरभर पूल उतरू लागली.

ऑक्टोबरात त्याने सांगितलं. हंगेरीतल्या एका काउंटच्या पदरी वाद्यवृंद होता, आणि तिथल्या पहिल्या व्हायोलिनवाल्याची जागा त्याला मिळत होती.

"काय देतात?" तिने विचारलं.

"पगार, लाकूडफाटा, मेणबत्त्या, निळा गणवेश. म्हातारपणी पेन्शन. फक्त... वादकांनी बायका आणायच्या नाहीत. महालात जागा नाही म्हणे."

"तुम्हाला कुठे बायको आहे?"

"नाही," प्रोकोप म्हणाला. "तेच तर."

यापुढे तिने काहीतरी बोलायला हवं होतं. पण थेक्लाच्या घरामागच्या खोलीत एक म्हातारा व्हायोलिनवाला राहायचा. शिकवण्या सुटल्या तसा तो आधी कोट विकून आला, मग व्हायोलिन. गेल्या जानेवारीत त्याला उचलून नेताना तिने पाहिलं होतं. जन्मभराची भाकरी समोर असताना ती सोड, असं दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? सांगायचं नाही, असं तिने ठरवलं. ठरवलेलं ती पाळायची.

प्रोकोपला ऐकायला काउंटचे कारभारी आले, त्या रविवारी पियानोचा कन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाने मिळून वाजवायची रचना, होता. पियानोवर थेक्ला, भोवती आठ वादक, आणि त्यांना घेऊन चालणारा प्रोकोप.

पहिल्या भागाच्या शेवटाजवळ सगळी वाद्यं एका सुरावर येऊन थांबतात आणि पियानोला एकट्याला सोडतात. तिथे काही लिहिलेलं नसतं. वाजवणाऱ्याने मनातलं वाजवायचं. झालं की दोन शेजारच्या सुरांची लांब थरथर करायची, ती ट्रिल. म्हणजे माझं संपलं, आता या. म्होरक्याने गज उचलायचा आणि सगळ्यांनी आत यायचं.

थेक्लाने वाजवायला घेतलं. घरून ठरवून आणलेलं काहीतरी खेळकर होतं. ते तिच्या बोटांखाली हळूहळू गडद होत गेलं. तिने ते आवरलं. ट्रिल सुरू केली.

कुणी आलं नाही.

ट्रिल चालूच राहिली. तिची बोटं भरून आली. आठही वादक म्होरक्याकडे बघत होते. व्हायोलावाले म्हातारे खाकरले. प्रोकोपचा गज मांडीवर पडलेला होता, आणि तो तिच्याकडे बघत होता.

"प्रोकोप!" ती कुजबुजली.

तो दचकला. गज उठला, कुणी आधी, कुणी मागून असे सगळे धडपडत आत शिरले आणि पहिला भाग कसाबसा संपला. टाळ्या पडल्या. लोक उठून बोलू लागले, कॉफी फिरू लागली.

थेक्ला उठून त्याच्याजवळ गेली. "मुद्दाम केलंत?"

"मुद्दाम केलं असतं तर नीट केलं असतं."

"माझ्यापायी जागा घालवणार असाल तर—"

"मी विसरलो, थेक्ला. खरंच. लहानपणापासून वाजवतोय, कधी असं झालं नाही." त्याचा आवाज खाली आला. "ट्रिल ऐकू आली. पण तुमचं काहीतरी सांगायचं राहिलंय, असं वाटलं. ते येईल, म्हणून थांबलो."

ती काही बोलणार इतक्यात कारभारी कप घेऊन आलेच. "मालक असते तर आज तुमची धडगत नव्हती! पण बाकी हात चांगला आहे. गाडी उद्या निघते. काय ते आत्ता सांगा."

प्रोकोप थेक्लाकडे बघत होता, गज मांडीवर होता तेव्हा बघत होता तसाच. तिला मागची खोली आठवली. तो म्हातारा आठवला. आणि हंगेरीत कुठेतरी निळ्या गणवेशात पोटभर जेवून झोपणारा हा माणूस तिच्या डोळ्यांपुढे आला...

"जाऊ नकोस," थेक्ला म्हणाली.

हळू म्हणाली, तरी कारभाऱ्यांनी ऐकलं, कौन्सिलरीणबाईंनी ऐकलं. तिने मान खाली घातली नाही.

"हिवाळा कठीण जाईल," ती म्हणाली. "शिकवण्या मिळतील की नाही, माहीत नाही. बाबा आधी नाहीच म्हणतील. मी पियानो लावीन, पण त्यात दोघांचं भागेल असं मी खोटं सांगणार नाही. तरीही... जाऊ नकोस."

"पूर्ण झालं?" प्रोकोपने विचारलं. त्याचे डोळे भरले होते.

"हो. आता पूर्ण झालं."

तो कारभाऱ्यांकडे वळून वाकला. "माफ करा, साहेब. मला व्हिएन्नातच राहायचंय."

"जन्माचं पोट भरलं असतं हो!"

"खरं आहे," प्रोकोप म्हणाला.

कारभाऱ्यांनी खांदे उडवले आणि ते खुर्चीत जाऊन बसले. कौन्सिलरीणबाईंनी रुमालाने डोळे टिपले, मग टाळी वाजवून पाहुण्यांना गप्प केलं. कन्चेर्टोचा दुसरा भाग, संथ लयीचा, अजून व्हायचा होता.

थेक्ला पियानोपाशी परतली. तिचे हात थंड पडले होते. ते तिने क्षणभर काखेत धरले. प्रोकोपने गज उचलून तारेवर टेकवला आणि तिच्याकडे पाहिलं. तिने मान डोलावली.

या वेळी सगळे एकदम सुरू झाले.