सरळ रस्त्याचं भाकीत

घाटातली सगळी अवघड वळणं सोडून अपघातांचं भाकीत करणाऱ्या यंत्रानं सर्वांत धोकादायक ठरवला होता तो शिरंब्याच्या शाळेसमोरचा सरळसोट रस्ता. केतकीला काही केल्या उलगडा होईना. तिथे आजवर कुणाला साधं खरचटलंही नव्हतं.

तिची आत्या, डॉ. विनया, रस्ते सुरक्षित करणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक. येत्या वर्षात इथे दहाबारा जण जखमी होतील, एखादा दगावेलही, असं तिनं ग्रामसभेत सांगितलं, तेव्हा लोक बिथरले. सरपंच मोहनतात्यांनी तर असलं अभद्र बोलू नका म्हणून सुनावलं.

घरी येताना केतकीनं विचारलं, "आत्या, कुणाला लागणार ते यंत्राला आधीच कळतं?"

"नाही गं. वादळात साधारण किती आंबे पडतील ते बागवान सांगतो. नेमका कुठला पडेल, ते नाही."

मग आत्यानं यंत्रातलं प्रारूप (मागच्या माहितीवरून पुढचा अंदाज बांधणारं गणित) समजावलं. हल्लीच्या गाड्या करकचून ब्रेक लागला की यंत्राला आपोआप कळवतात. असे निसटते अपघात (थोडक्यात टळलेल्या टकरी) शाळेसमोर रोज घडत होते. घाटात चालक जपून असतात, सरळ रस्ता दिसला की सुसाट सुटतात. आणि वेग दुप्पट झाला, की धडकेचा जोर चौपट होतो. अशा इतर रस्त्यांवर पूर्वी किती माणसं जायबंदी झाली, त्यावरून यंत्र शिकलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना केतकीनं तात्यांना हाताला धरून रस्त्याकडेला उभं केलं. ब्रेकचे कर्कश आवाज त्यांनी स्वतः ऐकले. त्याच संध्याकाळी त्यांनी आत्याकडून उपायांचा आराखडा मागवून घेतला. महिन्याभरात रस्ता तिथे अरुंद झाला, पलीकडे जायला उंचवट्याचा पट्टा आला.

दिवाळीनंतर तात्यांची नात मनवा शाळेसमोर चेंडूमागे रस्त्यावर धावली. उंचवट्यामुळे टेम्पो हळू होता. धक्का लागून ती पडली, कोपर फुटलं, एवढंच. केतकीनं तिला उचलून घरी पोचवलं.

वर्ष सरलं. त्या रस्त्यावर दुसरं कुणीच जखमी झालं नाही.

"विनयाताई, तुमचं यंत्र चुकलं," तात्या म्हणाले. त्यांनी हात जोडले होते.

"चुकावं म्हणूनच तर सांगितलं होतं, तात्या."

केतकी आत्याकडे पाहतच राहिली. आपलं म्हणणं खोटं ठरल्यावर इतकं आनंदलेलं माणूस तिनं कधी पाहिलं नव्हतं. पुढची सभा शेजारच्या गावात होती. तिथलेही लोक आधी चिडतील, असं आत्या म्हणाली.

"चिडू देत," केतकी चपला घालत म्हणाली. "मी समजावीन."