हजेरीची ओ

मल्हार पुण्याहून बेंगळुरूला आला तो आयटीतल्या नोकरीसाठी, पण त्याचा जीव रमायचा लढाईत पडलेल्या माणसांची माहिती खणून काढण्यात. नसती उठाठेव, असं त्याची आई फोनवर म्हणायची. इंदिरानगरात वसुमतीअक्कांच्या घरी तो वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होता. कुटुंब निपाणीकडचं, मराठीच, पण इथं येऊन मुरलेलं. त्याचा हा नाद कळल्यावर सत्तरी उलटलेल्या अक्कांनी एकदा त्याला कॉफी करून दिली आणि समोर बसल्या.

"माझ्या अण्णाची तारीख काढून देशील काय, बाळा?"

अण्णा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, सूर्यकांत. एकाहत्तरच्या लढाईत पश्चिम आघाडीवर गेला. सरकारी तारेत तारीख होती अठरा डिसेंबर, आणि लढाई तर सतराच्या संध्याकाळीच थांबली होती. लढाई संपल्यावर मरतंय कोण, असं म्हणून वडिलांनी श्राद्ध घातलंच नाही. मरेपर्यंत दाराकडे डोळे लावून बसले. आता अक्कांचंच हृदयाचं दुखणं बळावलं होतं. डोळे मिटायच्या आत अण्णाला त्याच्या खऱ्या तिथीवर एकदा पान वाढायचं, एवढंच त्यांना हवं होतं. आपल्यामागं त्याला विचारणारं कुणी नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं, आणि मल्हारला गलबलून आलं.

तारखेचा घोळ कुणा कारकुनानं केला असणार, अशी त्याची खात्री होती. माजी सैनिकांना फोन करकरून त्यानं शेवटी बेंगळुरूजवळ होसकोट्यात कल्लाप्पांना गाठलं. सूर्यकांतच्या तुकडीची हजेरी तेच घ्यायचे. कारखान्याच्या भिंतीला लागून त्यांचं घर, अंगणात ताडपत्रीवर रागी वाळत घातलेली. मल्हार आपलं नाव सांगू लागला तसा म्हाताऱ्यानं हात वर केला.

"नाव नको, तम्मा. मी कुणाचं नाव घेत नाही. स्वल्प बस."

आणि खरंच, मल्हारला ते तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ म्हणत, सुनेला तंगी, म्हणजे धाकटी बहीण, आणि सगळ्या नातवंडांना सरसकट पुट्टा, म्हणजे छोट्या. हाकेला तिन्ही पोरं एकदम धावत येत.

"सोळाला पहाटे गेला की तो," कल्लाप्पा म्हणाले. "छातीत गोळी लागली. मीच अग्नी दिला."

"मग तारेत अठरा कशी आली?"

ते रागीवरून हात फिरवू लागले.

"हजेरीला सगळे 'हजर साब' म्हणायचे. ह्याला ते कधी जमलं नाही. घरातनं हाक आल्यासारखा 'ओ' म्हणायचा. कितीदा शिक्षा दिली मी! सोळाच्या संध्याकाळी हजेरी घेताना तोंडाला सवय, त्याचं नाव निघून गेलं." ते थांबले. "ओ आली."

मल्हारनं लिहिता लिहिता वर पाहिलं.

"सगळ्यांनी ऐकली. सतरालाही आली. अठराला सुभेदार म्हणाले, आता हे नाव घ्यायचं नाही, कालपर्यंत हजेरी लागलीय, तर आज गेला असं कळवून टाका. आम्ही घेतलं नाही. पण तम्मा, तो रांगेत उभाच असणार की. नाव यायची वाट बघत."

थकल्याभागल्या माणसांना भास होतात, एवढं मल्हारला ठाऊक होतं. त्यानं अक्कांना फक्त तारीख आणि अग्नी कुणी दिला एवढंच सांगितलं. भटजींनी पंचांग पाहून तिथी काढली, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी. अठरा धरली असती तर महिनाच बदलून पौष लागला असता. अक्का पोटभर रडल्या. आपल्या उठाठेवीचं सार्थक झालं, असं मल्हारला पहिल्यांदाच वाटलं.

अग्नी देणारा माणूस पानावर हवाच, म्हणून अक्कांनी कल्लाप्पांनाही आग्रहानं बोलावून घेतलं. श्राद्धाला त्या स्वतःच बसल्या. भर दुपार होती. बाहेर रिक्षांचे हॉर्न, शेजारच्या हॉटेलात भांड्यांचा खणखणाट.

"गोत्र झालं," भटजी म्हणाले. "आता ज्यांचं श्राद्ध, त्यांचं नाव घ्या."

अक्का अडखळल्या. थोरल्या भावाचं नाव त्यांनी जन्मात कधी घेतलं नव्हतं; मल्हारलाही ते तारेवर बोट ठेवून दाखवलं होतं.

"सूर्यकांत," त्या लाजल्यासारख्या म्हणाल्या.

कल्लाप्पांनी डोळे गच्च मिटले. मल्हारनंही नकळत कान टवकारले, आणि त्याचा त्यालाच राग आला.

काहीच झालं नाही.

पिंडदान पार पडलं. भटजी जेवून गेले. मग कल्लाप्पा आणि मल्हार पानावर बसले. अक्कांचा इतका मोकळा चेहरा मल्हारनं कधी पाहिला नव्हता.

"सुटला माझा अण्णा," असं म्हणून त्यांनी मल्हारच्या पानावर आणखी एक वडा वाढला, मग ताकाचं भांडं उचललं.

वाढता वाढता त्यांचा हात थांबला.

"ओ," त्या म्हणाल्या.

दाराशी कुणी नव्हतं. मल्हारला तर काहीच ऐकू आलं नव्हतं. अक्कांनी भांडं खाली ठेवलं, पदर सावरला आणि लहान मुलीच्या लगबगीनं बाहेर गेल्या.

"आले रे, अण्णा."

कल्लाप्पा ताठ बसले होते. खरकटा हात मांडीवर तसाच.

"हजर साब," ते पुटपुटले.

त्यानंतरही ते कान देऊन ऐकत होते. मग हळूच मल्हारकडे वळले.

"तम्मा, हा मल्हार कोण?"