बोट समुद्रातच थांबली

"साहेब, माही पोरगी नेली कोणीतरी!" चांद्याच्या पत्र्याच्या टॉकीजबाहेर रंभा ऊर बडवत होती.

फौजदार गुणवंतराव सायकलवरून उतरले, तोवर गर्दीने चोरही पकडला होता. दाराशी टोपल्या विकणारा लालसू. तीन वर्षांच्या मंगलीची बाहुली त्याच्या टोपलीत सापडली होती.

"मी पाणी प्यायले गेलतो, साहेब. मले काई मालूम नाई."

"बाहुली कोणाला सापडली?"

"मले," रंभाचा दीर मुखरू पुढे झाला. "याले सोडू नका."

गुणवंतराव आत गेले. दुपारी कार्टूनचा सिनेमा होता. रांगती बाळं घरातून निसटतात आणि बोटीने विलायतेला जातात.

"काल शेवटपर्यंत नीट चालला जी," मालक दसरू म्हणाला. "आज बोट भर समुद्रात असताना फीत जळाली. तिथंच बंद केला."

गुणवंतरावांनी रंभाला बाजूला घेतलं.

"पोरगी कधी गेली?"

"बोट निघाली तवा मांडीवर होती. मले डुलकी लागली. दिवे लागले त नाई."

"रडली नाही?"

"नाई जी. परक्यानं हात लावला त टाहो फोडते ते. उद्या तिले घेऊन माहेरी जाणार होती मी, कायमची."

गुणवंतराव मुखरूकडे वळले.

"तू कुठं होतास?"

"आतच. गडीमाणसायच्या बाजूले."

"सिनेमा पुरा पाहिलास?"

"हो जी. बाळं घरी आली, मायनं पोटाशी धरली. मंग दिवे लागले."

दसरूने चमकून वर पाहिलं.

"आज बाळं घरी आलीच नाहीत, मुखरू," गुणवंतराव शांतपणे म्हणाले. "फीत जळाली तेव्हा तू आत नव्हतास. शेवट तू कालच्या खेळात पाहिलास. मंगली रडली नाही, कारण उचलणारा तिचा काकाच होता. लालसू जागेवर नाही हे पाहून बाहुली टोपलीत टाकलीस आणि परत येऊन तूच बोंब ठोकलीस. पोरगी कुठं आहे?"

मुखरूने त्यांचे पाय धरले.

"माह्या बायकोपाशी, वच्छलापाशी. पठाणपुरा दरवाज्याबाहेर, बैलबंडीत. आमाले लेकरू नाई, साहेब. भाऊ मेल्यापासून तिनंच पोरगी सांभाळली. वहिनी नेऊन राह्यली होती..."

लालसूचे हात सोडताना कोणी त्याच्याकडे बघितलं नाही.

बंडीत मंगली वच्छलाच्या कुशीत गाढ झोपली होती. रंभाने तिला उचललं. पोर झोपेतच कुरकुरली, "आई..."

दोघीही एकदम "ओ" म्हणाल्या.